नाव कोणत्या पानावर?

आमची नात संपादक झाली ही बातमी आम्हां उभयतांना लॉस एंजेलिसच्या विमानतळावरच कळली. सामान ढकलगाडीवर चढते न चढते तोच ती म्हणाली, "आजोबा, यंदा मी शाळेच्या इयरबुकची एडिटर आहे. तुम्ही मला मदत करायची हं!" ज्या माणसाने तीस वर्षे ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवले आणि त्यांतली एकवीस वर्षे शाळेचे वार्षिक काढले, त्याला परदेशात याहून गोड आमंत्रण ते कोणते मिळणार? सौ. मात्र पुटपुटली, "इथेही तुमची प्रुफे काही पाठ सोडत नाहीत!"

ज्यांची नातवंडे तिकडे आहेत त्यांना हे इयरबुक प्रकरण ठाऊक असेल. इतरांसाठी थोडे सांगतो. आपले शाळेचे वार्षिक म्हणजे काय, ते सर्वांना माहीत आहे. मुखपृष्ठावर शाळेची इमारत किंवा सरस्वती. आत मुख्याध्यापकांचे मनोगत. मग 'पावसाळ्यातील एक दिवस' छापाचे निबंध, चार कविता, दोन पाने विनोद आणि कोडी. शेवटी शालान्त परीक्षेचा निकाल, बक्षिसांची यादी, आणि गुळगुळीत कागदावर स्नेहसंमेलनाचे फोटो. इयरबुकात यांतले जवळजवळ काहीच नसते. निबंध नाहीत, कविता नाहीत. ते फोटोंचे पुस्तक. पुठ्ठ्याच्या भक्कम बांधणीचे, हातात धरले तर मनगट दुखावे एवढे जड. शाळेतल्या प्रत्येक मुलाचा एक चेहरा त्यात असतो. त्याशिवाय खेळांचे संघ, मंडळे, नाटके, नाचाच्या पार्ट्या, आणि अगदी शेवटी सर्वांच्या नावांची सूची, नावापुढे पानांचे आकडे. मुले ते विकत घेतात. नातीच्या शाळेत त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. मी मनातल्या मनात रुपये केले, आणि केले नसते तर बरे झाले असते असे वाटले. शाळेच्या शेवटच्या आठवड्यात मुले एकमेकांच्या पुस्तकांवर चार ओळी लिहून सह्या करतात, आणि मग ते पुस्तक जन्मभर कपाटात राहते.

ही रीत जुनी आहे. येल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचे असे पुस्तक १८०६ साली निघाले होते. तेव्हा फोटोग्राफीचा शोधच लागलेला नव्हता, म्हणून त्यात चेहऱ्यांच्या काळ्या छायाकृती होत्या. हायस्कुलांपैकी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल येथील मुलांचे १८४५ चे पुस्तक पहिले मानतात. पुढे काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या, तेव्हा जॉर्ज वॉरन नावाच्या फोटोग्राफरने कॉलेजच्या मुलांना फोटो विकून त्यांचे आल्बम बांधून घेण्याची चाल पाडली. आणि हाफटोन ब्लॉक निघाल्यावर फोटो छापणे स्वस्त झाले, ते गावोगावच्या शाळांच्या आवाक्यात आले. आता तर तिकडे इयरबुक हा शाळेतला एक विषय आहे. त्याचा रोज तास होतो, त्याला शिक्षिका असते आणि गुणही असतात. कोलंबिया विद्यापीठातली एक संस्था १९२५ पासून शालेय नियतकालिकांचे परीक्षण करते. तिच्याकडे ही पुस्तकेही जातात. आमच्या वार्षिकाचे परीक्षण शाळेचे हेडक्लार्क करीत, आणि ते फक्त छपाईच्या बिलाचे.

दुसऱ्या दिवशी नातीने जेवणाच्या टेबलावर एक लांबलचक तक्ता पसरला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणत्या पानावर काय येणार याची चौकटी-चौकटींची शिडी. सोळा-सोळा पानांनंतर जाड रेघ. "हे सोळाच का, माहीत आहे आजोबा?" तिने मोठ्या ऐटीत विचारले. माहीत आहे म्हणजे? अहो, सोळा पानी फर्मा! कागदाच्या एका तावावर या बाजूला आठ पाने, त्या बाजूला आठ, घडी घातली की सोळा. फर्म्याच्या हिशेबासाठी मी किती कवींच्या कविता कापल्या आहेत! कॅलिफोर्नियातही पाने सोळांच्या पटीतच वाढतात हे पाहून माझी कळी खुलली.

पण तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी होती. तिथे यायची होती 'थीम'.

थीम म्हणजे पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना. आपल्याकडे एखादा दिवाळी अंक सबंध एकाच विषयाला वाहिलेला असतो, तसे. (का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्याचा वंश वाढता वाढता आता विषयवार अंकांपर्यंत आला आहे.) मात्र इयरबुकात ही कल्पना मजकुरातच नव्हे, तर सगळीकडे खेळवावी लागते. मुखपृष्ठावर तिची चाहूल, पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर तिचे चित्र, पहिल्या दोन-चार पानांत तिची ओळख, प्रत्येक विभागाच्या दारात तिची आठवण, आणि शेवटच्या पानावर तिचा निरोप. मी तिला सरळ विचारले, "बाळ, चेहरे छापायचे, नावे छापायची. त्याला कल्पना कशाला लागते?" ती म्हणाली, "नाहीतर सगळी पुस्तकं सारखीच दिसतील ना!"

उत्तर बरोबर होते, पण पुरे नव्हते. तिच्या शिक्षिकाबाई मुलांना एक प्रश्न विचारीत, तो मला फार आवडला. 'तुमची कल्पना तीस मैलांवरच्या दुसऱ्या शाळेला चालेल का? चालत असेल तर ती तुमची नव्हे.' या एका चाळणीतून 'प्रवास', 'कोडे', 'सर्कस' हे सगळे गळून पडले. तरीही मुलांच्या मनात एक शब्द पक्का बसला होता : 'चमक'. सोनेरी मुखपृष्ठ, सोनेरी अक्षरे, आत सगळे चमकणारे चेहरे. नातीलाही तो पसंत होता.

आता माझी एक जुनी खोड सांगतो. प्रुफे तपासणारा माणूस पुस्तक शेवटून वाचतो. मागच्या वर्षीचे इयरबुक तिने माझ्या हाती दिले तेव्हा मी आधी सूची उघडली. काही नावांपुढे पानांचे आकडे ओळभर. फुटबॉल, नाटक, विद्यार्थी मंडळ, पुन्हा फुटबॉल. आणि पुष्कळ नावांपुढे एकच आकडा. म्हणजे वर्गाच्या रांगेतला टपाल-तिकिटाएवढा चेहरा, एवढेच. सबंध वर्षात ते पोर त्या पुस्तकात दुसरीकडे कुठेही नाही. मी नातीला ते दाखवले. ती म्हणाली, "आजोबा, पण ती मुलं कशातच भाग घेत नाहीत."

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी तोपर्यंत सौ.लाही सांगितली नव्हती.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक गृहस्थ शाळेत आले होते. चाळिशीचे, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. माझेच विद्यार्थी, पण मला चेहरा आठवेना. "सर, आमच्या वर्षीचं वार्षिक बघायला मिळेल का? ही म्हणते, बाबा, तुम्ही खरंच या शाळेत होतात का?" मी मोठ्या उत्साहाने ग्रंथालयातून बांधीव खंड काढून दिला. शिक्षकांच्या खोलीत उभ्या-उभ्याच ते पाने उलटू लागले. निकालाच्या पानावर बोट फिरवले. आम्ही फक्त प्रथम श्रेणीतल्यांची नावे छापीत होतो. बक्षिसांची यादी पाहिली. लेझीम पथकाच्या फोटोवर वाकून पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून पाने उलटली. मुलगी शेजारी टाचा उंचावून बघत होती. शेवटी त्यांनी खंड मिटला, वरची धूळ हाताने पुसली आणि म्हणाले, "असू दे, सर." सात वर्षे तो मुलगा त्या इमारतीत होता. त्या सातही वार्षिकांचा संपादक मी होतो.

नात काही बोलली नाही. तिने ही गोष्ट बाईंना सांगितली असावी, कारण दोन दिवसांनी ती घरी एक पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या, हे तुमच्या आजोबांना दाखव. आणि जमलं तर ती जागाही पाहून या." पुस्तकाचे नाव 'अवर वर्ल्ड', म्हणजे 'आमचे जग'. मांझानार हायस्कूल, १९४३-४४. मूळ प्रत नव्हे, पुनर्मुद्रण.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते. जावयांना आम्हांला डोंगर दाखवायचेच होते. पहाटे दशम्या आणि चटणी बांधून निघालो. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोजावीचे वाळवंट ओलांडून चार-एक तास गेले की डाव्या हाताला सिएरा नेवाडाची भिंत उभी राहते. लोन पाइन आणि इंडिपेंडन्स या दोन गावांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला मांझानार. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ सफरचंदांची बाग. प्रत्यक्षात दिसते ते झुडपांचे रखरखीत माळरान, आणि वारा असा की बोललेले शेजारच्याला ऐकू येऊ नये.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला, आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून दहा छावण्यांत कोंडले. त्यांतले दोन तृतीयांश लोक अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे तिथले नागरिकच होते. कोणावर खटला नाही, आरोप नाही. मांझानार ही त्या छावण्यांपैकी एक. काटेरी तारेच्या आत लाकडी बराकी, वर डांबरी कागद ठोकलेला. एका वेळी दहा हजारांवर माणसे तिथे राहत होती. भोवती पहाऱ्याचे मनोरे. डिसेंबर १९४२ मध्ये तिथे दंगल झाली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोन तरुण मेले. मुलांची शाळा सुरू झाली तेव्हा बाके नव्हती, मुले जमिनीवर बसली. आणि अशा शाळेच्या मुलांनी ठरवले की, बाहेरच्या प्रत्येक हायस्कुलाचे इयरबुक निघते, तर आमचेही निघाले पाहिजे!

फोटोंची अडचण होती. जपानी वंशाच्या माणसाला कॅमेरा बाळगायला बंदी. पण छावणीत तोयो मियाताके नावाचे लॉस एंजेलिसचे एक नामांकित फोटोग्राफर होते. त्यांनी एक भिंग लपवून आत आणले होते, आणि सुताराकडून लाकडी खोके करून घेऊन त्याचा कॅमेरा बनवला होता. अधिकाऱ्यांना ते कळल्यावर तोड निघाली ती मोठी मासलेवाईक. मियाताके यांनी कॅमेरा लावायचा, माणसे बसवायची, सगळे जुळवायचे, आणि कळ मात्र एखाद्या गोऱ्या माणसाने दाबायची! पुढे हा खुळेपणा बंद झाला आणि ते छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले. 'अवर वर्ल्ड'मध्ये त्यांचे फोटो आहेत.

गाडीत बसून ते पुस्तक मी चाळले होते तेव्हा, खरे सांगतो, मला ते खटकले होते. हसरे चेहरे, वह्या छातीशी धरून चाललेल्या मुली, नाटक, खेळ. जणू काही घडलेच नाही! पण त्या माळावर उभे राहून पुन्हा उघडले तेव्हा त्या मुलींच्या मागच्या बराकी दिसल्या. आणि त्या नावाचा अर्थ हळूहळू ध्यानात आला. आपल्या जगातून उचलून ज्यांना इथे आणून टाकले, ती मुले या तारेच्या आतल्या तुकड्याला 'आमचे जग' म्हणतात. नुसते शाळेचे पुस्तक काढले असते तर शाळा तेवढी आली असती. 'जग' म्हटल्यावर भोवतालची छावणीही आत घ्यावी लागली. पुस्तकात कोण येणार हे त्या दोन शब्दांनी ठरवून टाकले होते.

इतर छावण्यांतल्या शाळांनीही अशी पुस्तके काढली. टोपाझच्या मुलांचे 'रॅम्ब्लिंग्ज', हार्ट माउंटनच्या मुलांचे 'टेम्पो'. (हे नाव ऐकून सौ.ला आमच्या गल्लीत वाळू टाकणारा टेम्पो आठवला. तिकडे त्याचा अर्थ लय.) मांझानारच्या मुलांचे पुढच्या वर्षीचे, १९४५ चे, पुस्तक शेवटचे ठरले. त्याचे नाव 'व्हॅलेडिक्शन', म्हणजे निरोप. त्यात मियाताके यांचा एक फोटो आहे. काटेरी तार, मागे पहाऱ्याचा मनोरा, आणि तार कापायची पक्कड धरलेला एक हात. चेहरा नाही, नुसता हात. तो त्यांच्या मुलाचा होता. निरोपाच्या पुस्तकाला याहून बोलके चित्र कोणी काढले असेल असे मला वाटत नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली. सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले, ते १९८८ साली. १९९२ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे. छावणीतल्या लोकांनीच १९४४ मध्ये बांधलेले सभागृह अजून उभे आहे, तिथेच आता प्रदर्शन आहे.

परतताना लोन पाइनला दशम्या सोडल्या. नात खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "चमक नको."

त्यानंतरचे तीन आठवडे त्या संपादक मंडळात काय भांडणे झाली, त्यांचा आवाज मला फोनमधून ऐकू येई. नातीची नवी कल्पना होती, 'दोन तासांच्या मध्ये'. तिकडे मुले एका वर्गात बसून राहत नाहीत. दर तासाला वर्ग बदलतात, आणि त्यासाठी त्यांच्या शाळेत सहा मिनिटे मिळतात. ती सहा मिनिटे! त्या वेळी फुटबॉलचा कप्तानही चालत असतो आणि कशातच भाग न घेणारा मुलगाही. 'यात बघण्यासारखं काय आहे?' असे निम्म्या मंडळाचे म्हणणे पडले. नातीने मागच्या वर्षीची सूची काढली आणि एकेरी आकड्यांची नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या नावाला कोणीतरी म्हणाले, हा कोण? 'आपल्याच वर्गात आहे,' दुसऱ्याने सांगितले. कल्पना मंजूर झाली.

मग जे फोटो येऊ लागले ते मी रोज संध्याकाळी पाही. चाकाच्या खुर्चीतून येणारी मुलगी, जिला गर्दीच्या आधी दोन मिनिटे सोडतात आणि जिने रिकामा व्हरांडा जितका पाहिला आहे तितका कोणीच पाहिलेला नाही. खिडकीतल्या निवडुंगाला रोज बाटलीतले पाणी घालणारा एक मुलगा. जिन्याखाली घाईघाईने गृहपाठ उतरवणारे तिघे (हे सर्व देशांत आहेत). जेवणघरातल्या बाया, झाडलोट करणारे काका. एका मुलीने फोटो नको म्हणून सांगितले. तिच्या संमतीने तिच्या बुटांचा घेतला. संगणक नावे आपोआप मोजतो म्हणे. पण माझा त्यावर विश्वास नव्हता. मी कागदावर यादी केली, नात पाने वाची आणि मी नावापुढे रेघ ओढी. चेहऱ्याच्या रांगेखेरीज प्रत्येक जण निदान दोनदा आला पाहिजे, हा तिचा नियम. पुष्कळ शाळा असा नियम करतात, पाळतात किती ते निराळे.

सगळेच जमले असे नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांनी घड्याळ काढले होते. मी म्हटले, एकदा सांगितलेले पुन्हा पुन्हा सांगू नये. तिने ऐकले नाही. जाहिरातींची पाने फर्म्यात बसेनात म्हणून सहलीची दोन पाने गेली, आणि एक मैत्रीण महिनाभर बोलेना. संपादकाच्या नशिबी हे असायचेच.

फेब्रुवारीत आम्ही परतलो. पुस्तक जूनमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर आले. मी सूचीपासून सुरुवात केली. एकेरी आकड्याची नावे मला सात सापडली. नातीला फोन केला तर ती म्हणाली, "नऊ आहेत, आजोबा. मला पाठ आहेत."

आमच्या शाळेला हे कळले कसे, कोण जाणे. नव्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला : यंदा वार्षिकाला मदत कराल का? गेलो. आठवी-नववीच्या मुलांपुढे इयरबुक ठेवले, मांझानारची गोष्ट सांगितली, आणि 'तुमची कल्पना शेजारच्या शाळेला चालेल का' हा प्रश्न फळ्यावर लिहिला. तासभर गलका झाला. एका मुलीची कल्पना सर्वांना पटली, 'शाळेची वाट'. प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या : मी शाळेत कोणत्या वाटेने येतो, कशाने, कोणाबरोबर. मधल्या पानांवर शहराचा मोठा नकाशा, त्यावर सगळ्यांच्या वाटा. मुले अकराशेच्या वर आहेत आणि फर्मे परवडतात सहा. म्हणून निबंध यंदा दोनच घ्यायचे असे ठरले आहे. निकालाचे पान राहील, पण श्रेणी न पाहता सगळी नावे येतील. त्यासाठी टाइप बारीक करावा लागणार, आणि त्यावरून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

परवा ओळी गोळा करायला बसलो होतो. कोणी रिक्षाने, कोणी कळव्याहून लोकलने, कोणी आजीचा हात धरून. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा कागद कोराच घेऊन आला. शाळेच्या पहारेकऱ्याचा मुलगा, फाटकाजवळच्या खोलीत राहतो.

"सर, माझी वाट चाळीस पावलांचीच आहे," तो म्हणाला. "लिहू का?"

"मोजलीस?"

"हो. पावसात बेचाळीस. डबकं चुकवावं लागतं."

"लिही," मी म्हटले.